बोहल्यावरच्या मुलीचा आवाज : नाटककार गोविंद बल्लाळ देवल



स्मृतिव्याख्यानाला उभं राहताना वक्त्याच्या मनावर थोडं दडपण असतं, आणि ते असलंही पाहिजे. ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमतो, त्यांनी आयुष्यभर जे जपलं त्याला धरून बोलावं, एवढीच माझी इच्छा आहे. संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला. मी गोविंद बल्लाळ देवल हे नाव निवडलं.

तुमच्या मनात प्रश्न येणं साहजिक आहे. सांगलीकडचा हा नाटककार. त्याला जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. त्याची नाटकं आज क्वचितच रंगमंचावर येतात, आणि आली तरी लोक जातात ते जुनी पदं ऐकायला. मग जालन्यात, आज, देवलांविषयी बोलायचं कशासाठी? त्याचं उत्तर मी शेवटच्या मुद्द्यात देणार आहे, पण तिथं पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागतील. पहिली, हा माणूस कोण आणि तो घडला कसा. दुसरी, त्यानं नाटकातल्या पद्याचं काय केलं. तिसरी, त्याचं ‘शारदा’ हे नाटक. आणि चौथा मुद्दा, आपला जिल्हा.

पहिल्या मुद्द्याकडे येतो.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात, ते हे गाव. जन्मवर्ष लक्षात ठेवा. त्याच १८५५ साली महात्मा फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. अडाणी शेतकऱ्याला धर्माच्या नावाखाली कसं लुबाडलं जातं, हे सांगणारं ते नाटक. त्याच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

देवल जन्मले त्याच्या बारा वर्षं आधी, १८४३ मध्ये, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं होतं. भाव्यांच्या त्या खेळांची रीत कशी होती? सूत्रधार गायचा. सीतेला काय वाटलं, रामानं काय केलं, सगळं सूत्रधाराच्या तोंडून. पात्रं समोर यायची, आयत्या वेळी सुचेल ते बोलायची, लढायची, निघून जायची. पद्य होतं, पण ते पात्राच्या मालकीचं नव्हतं.

पुढची उडी अण्णासाहेब किर्लोस्करांची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आणलं. आता पात्रं स्वतः गाऊ लागली. शकुंतला स्वतःचं दुःख स्वतः गाऊ लागली, सुभद्रा स्वतःचा हट्ट स्वतः गाऊ लागली. सूत्रधाराच्या गळ्यातलं गाणं पात्राच्या गळ्यात आलं. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण विचार करा, दुसऱ्यानं माझ्याविषयी सांगणं आणि मी माझं सांगणं, यात किती अंतर आहे!

देवल हे या अण्णासाहेबांचे शिष्य. बेळगावात अण्णासाहेब शिक्षक होते, तिथं देवलांना त्यांचा सहवास मिळाला. पुढे देवल स्वतःही शिक्षक झाले. नाटकमंडळीत तर ते कायमचे ‘देवल मास्तर’. १८८५ मध्ये अण्णासाहेब अकाली गेले, त्यांचं ‘रामराज्यवियोग’ अपुरंच राहिलं. त्यांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीला पुढे जे लेखक आणि जे तालीममास्तर मिळाले, त्यांत देवलांचं स्थान फार वरचं. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस नावाचा मुलगा त्या मंडळीत आला. आपण त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो. त्यांच्या अभिनयाला वळण लावणाऱ्यांत देवल मास्तर होते.

तालीममास्तर हा शब्द मी मुद्दाम उच्चारतो आहे. देवलांचं लेखन समजून घ्यायचं असेल तर हे विसरून चालणार नाही. ज्यानं वर्षानुवर्षं नटांना समोर उभं करून वाक्य घोटून घेतलं, त्याला कळतं की कुठलं वाक्य तोंडात बसतं आणि कुठलं नुसतं कागदावर शोभतं. श्वास कुठे तुटतो, कुठल्या अक्षरावर आवाज चढतो, मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत कुठला शब्द पोचतो, हे टेबलाशी बसून कळत नाही.

देवलांनी नाटकं लिहिली फक्त सात. दुर्गा, मृच्छकटिक, विक्रमोर्वशीय, झुंझारराव, शापसंभ्रम, शारदा आणि संशयकल्लोळ. मृच्छकटिक शूद्रकाचं, विक्रमोर्वशीय कालिदासाचं, शापसंभ्रम बाणभट्टाच्या कादंबरीवरून. १८८६ चं ‘दुर्गा’ सदर्न या नाटककाराच्या ‘इझाबेला’वरून, १८९० चं ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून. ‘संशयकल्लोळ’ मुळात ‘फाल्गुनराव’ या नावानं गद्यात १८९३ मध्ये आलं. त्याचं मूळ फ्रेंच मोलिएरकडे जातं, आणि ते आपल्याकडे आलं मर्फी या नाटककाराच्या इंग्रजी नाटकातून. पुढे देवलांनी त्यात पदं घातली. १४ जून १९१६ रोजी ते गेले आणि संगीत ‘संशयकल्लोळ’ त्याच वर्षी, त्यांच्या मागे, बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीनं रंगभूमीवर आणलं.

सातपैकी सहा नाटकांचं मूळ दुसऱ्याचं. हे काही उणेपण समजू नका. त्या सहा नाटकांत देवलांनी कसब मिळवलं. दुसऱ्याची गोष्ट मराठी घरात कशी बसवायची, परक्या माणसाच्या तोंडी आपली बोली कशी घालायची, प्रसंग कुठे तोडायचा, हे ते तिथं शिकले. आणि ते सगळं कसब त्यांनी एका स्वतंत्र नाटकावर लावलं. ते सातवं नाटक ‘शारदा’.

आता दुसरा मुद्दा, पद्याचा.

जगात पद्यनाटकाची मोठी परंपरा कुणाची म्हटलं की आपण इंग्लंडकडे पाहतो. शेक्सपिअरची पात्रं बोलतात ती बहुतांशी निर्यमक छंदात. त्याला यमक नसतं, ठेका असतो, आणि तो ठेका बोलण्याच्या चालीशी इतका जुळतो की राजा बोलला तरी तो बोलतच आहे असं वाटतं. आता पाहा, देवलांनी ‘ऑथेल्लो’ घेतलं आणि त्याचं ‘झुंझारराव’ केलं ते गद्यात. ‘दुर्गा’ही गद्यात. इंग्रजीत जे पद्यात होतं, ते मराठीत गद्यात आलं. असं का झालं असावं?

माझं उत्तर असं. मराठी माणसाच्या कानात यमकाशिवायचं बोलतं पद्य तेव्हा रुजलेलं नव्हतं. त्याच्या कानात काय होतं? जात्यावरची ओवी होती, कीर्तनातली साकी आणि दिंडी होती, फडावरची लावणी होती, भजन होतं, पोवाडा होता. म्हणजे आपल्याकडे पद्य म्हटलं की ते गाण्याच्या अंगानं येणार. म्हणून मराठी पद्यनाटकाची वाट इंग्रजी वाटेहून निराळी झाली. गोष्ट गद्यात पुढे सरकते, आणि मनात काही मावेनासं झालं की पात्र गाऊ लागतं. हीच आपली संगीत नाटकाची रीत. या रीतीला कमी लेखायचं कारण नाही. ती आपल्या कानातून जन्मली आहे.

पण या रीतीत एक मोठा धोका होता. गाणं नाटकाला खाऊन टाकतं. नट एकेका पदावर आलापी करत राहतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत राहतात, आणि शकुंतला दुष्यंताच्या दरबारात उभी आहे हे सगळेच विसरतात. रात्री नऊला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चाले ते काही गोष्ट लांब होती म्हणून नव्हे! पुढे संगीत रंगभूमीला उतार पडण्याचं हेही एक कारण झालं. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, प्रेक्षकांना गाणं आणि गोष्ट दोन्ही स्वस्तात मिळू लागली, आणि नाटकमंडळ्या बसत गेल्या.

देवलांनी या धोक्यावर उपाय काढला होता. तो साधा होता, म्हणूनच अवघड होता. त्यांनी पदातली भाषा घरातली ठेवली. आई मुलीला जसं बोलेल, मैत्रिणी विहिरीवर जशी थट्टा करतील, तसे शब्द. समास कमी, संस्कृताचा भार कमी, अर्थासाठी थांबावं लागू नये अशी रचना. पद संपल्यावर पात्र जिथं होतं तिथंच राहत नाही, त्याच्या मनानं एक पाऊल टाकलेलं असतं. म्हणजे पद काढून टाकलं तर गोष्टीत खड्डा पडतो. नाटकातलं पद्य शोभेचं आहे की गरजेचं, हे ओळखायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

इथं थोडा वळसा घेऊन पुन्हा इंग्लंडात जातो. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिकडे पद्यनाटकाचा नवा उत्साह आला होता. टी. एस. एलियट यांनी १९३५ मध्ये कँटरबरीत ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ केलं. तो विषय इतिहासातला, तिथं पद्य चाललं. पण एलियटना हवं होतं ते आजच्या दिवाणखान्यातलं पद्य. प्रेक्षकाला आपण पद्य ऐकतो आहोत हे जाणवूही नये, असं पद्य. त्यासाठी त्यांनी १९४९ मध्ये ‘द कॉकटेल पार्टी’ लिहिलं. त्याच काळात ख्रिस्टोफर फ्राय नावाचा नाटककार पुढे आला. तोही काही वर्षं शाळामास्तर होता. १९४८ मध्ये त्याचं ‘द लेडीज नॉट फॉर बर्निंग’ आलं. गावानं एका तरुण स्त्रीला चेटकीण ठरवलं आहे, तिला जाळायचं ठरलं आहे, आणि ती जगण्याविषयी पद्यात बोलते आहे. लंडननं त्याला डोक्यावर घेतलं. आठ वर्षांत वारं फिरलं, १९५६ नंतर नव्या गद्य नाटकांनी मंच व्यापला, आणि फ्राय मागे पडला. पुढे तो २००५ पर्यंत जगला.

हे सगळं मी का सांगितलं? एलियट आणि फ्राय ज्या प्रश्नाशी झगडत होते, तो प्रश्न असा : पुराणातली, इतिहासातली माणसं पद्यात बोलली तर चालतं, पण आपल्या शेजारच्या घरातल्या माणसानं पद्यात बोलावं ते कसं? आणि त्याच्यावर विश्वास बसावा तो कसा? हा प्रश्न हरिपूरच्या मास्तरांनी त्याच्या अर्धशतक आधी हाताळला होता. अर्जुनाची सुभद्रा गायली तर कुणी नवल करत नाही. पण ‘शारदा’ नाटकातल्या कांचनभटाची मुलगी गाऊ लागते तेव्हा? ती पुराणातली नाही, राजघराण्यातली नाही. ती आपल्या आळीतली आहे.

भाव्यांच्या सूत्रधाराचं गाणं अण्णासाहेबांनी शकुंतलेला दिलं. देवलांनी ते शारदेला दिलं. मराठी पद्यनाटकाचा सगळा प्रवास मला या दोन वाक्यांत दिसतो.

आणि आता तिसरा मुद्दा, ती शारदा.

‘संगीत शारदा’ पहिल्यांदा रंगलं ते जानेवारी १८९९ मध्ये, इंदुरात. काळ डोळ्यांसमोर आणा. त्याआधीच्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रात काय झालं होतं? लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं होतं, आणि १८८४ पासून चार वर्षं तो खटला गाजला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं, एवढ्यासाठी महाराष्ट्रात रणकंदन माजलं होतं. दहाचं बारा! वर्तमानपत्रांतून लेख झडले, सभा झाल्या, सभा उधळल्या. पण त्या सगळ्या वादात बोलत होते ते बहुतेक पुरुष. शास्त्री बोलले, वकील बोलले, संपादक बोलले. जिच्याविषयी चाललं होतं, ती मुलगी कुठे होती?

ती देवलांच्या नाटकात आली.

गोष्ट थोडक्यात सांगतो. भुजंगनाथ नावाचा श्रीमंत म्हातारा, पंचाहत्तरीला टेकलेला. त्याला पुन्हा लग्न करायचं आहे. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ त्याला स्थळ शोधून देतो. कांचनभट हा मुलीचा बाप, पैशाला हपापलेला. मुलगी देऊन पैसे घ्यायचे, म्हणजे मुलगी विकायचीच, असा तो व्यवहार. इंदिराकाकू ही आई, तिला कळतं, पण तिच्या कळण्याला घरात किंमत नाही. कोदंड हा शिकलेला तरुण, तो या लग्नाच्या आड उभा राहतो. आणि या सगळ्यांच्या मध्ये चौदा वर्षांची शारदा.

देवलांनी पदं कुणाच्या तोंडी कशी दिली ते पाहण्यासारखं आहे. मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाची आणि रूपाची थट्टा करतात, तेव्हा पद्य हसतं, आणि त्या हसण्याआड काय वाढून ठेवलं आहे ते प्रेक्षकाला दिसत राहतं. श्रीमंताच्या घरी पडशील, दागिन्यांनी मढशील, अशी भुरळ शारदेला घातली जाते, तीही पदातून. कारण भुरळीलाही गोडवा लागतो. आणि मग शारदेची भीती येते, तीही पदातच. ती कुणाशी वाद घालत नाही, शास्त्र सांगत नाही, सुधारकांची भाषा बोलत नाही. ती फक्त सांगते की मला भीती वाटते. शास्त्रार्थाला उत्तर देता येतं. कायद्याला पळवाट काढता येते. एका मुलीच्या भीतीला काय उत्तर देणार?

हे काम पद्यच करू शकतं असं मला वाटतं. गद्यात शारदा बोलू लागली असती तर बापानं तिला मध्येच गप्प केलं असतं, कारण त्या घरात तशीच रीत होती. पद सुरू झालं की ते पुरं होईपर्यंत रंगमंचावर कुणीही मध्ये बोलू शकत नाही. संगीत नाटकाचा हा नियम आहे, आणि देवलांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. घरात जिला एक वाक्य पुरं करू दिलं जात नाही, तिचं म्हणणं पदात अख्खं घर थांबून ऐकतं, थिएटर थांबून ऐकतं.

इथं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शारदेची भूमिका करणारे मुलगेच होते, कारण या नाटकमंडळ्यांत बायकांना प्रवेश नव्हता. केशवराव भोसले लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेच्या भूमिकेनं नावारूपाला आले. तेव्हा ते जवळपास शारदेच्याच वयाचे होते. चौदा वर्षांच्या मुलीचं दुःख जवळपास तेवढ्याच वयाचा मुलगा गातो आहे, आणि समोर बसलेल्या बापांना ते ऐकवतो आहे. ती पदं गावोगाव पाठ झाली. ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं त्यांच्याही घरात ती पोचली.

आता नाटकातलं ते लग्न मोडतं कसं, हे पाहा. मुलगी चौदाची आणि नवरा पंचाहत्तरीचा, म्हणून मोडतं का? नाही. बापानं पैसे घेतले, म्हणून? नाही. मुलीला नको आहे, म्हणून? मुळीच नाही. लग्न मोडतं ते वधूवर एका गोत्राचे निघतात म्हणून! धर्मशास्त्रातली एक आडकाठी सापडते आणि मांडव रिकामा होतो. देवलांनी समाजाला आरसा दाखवला तो इथं. माणुसकीचं एकही कारण त्या मांडवाला पुरेसं वाटलं नाही.

आणि नाटक तिथं संपत नाही. मला वाटतं, देवलांची खरी थोरवी यातच आहे. दुसरा कुणी असता तर मांडव उधळला, म्हातारा फजीत झाला, टाळ्या, पडदा! देवल विचारतात, या मुलीचं आता काय? जिचं लग्न बोहल्यावर मोडलं तिला त्या काळात कोण करणार? बापाच्या घरात तिला जागा नाही, दुसरं घर नाही. शारदा नदीवर जीव द्यायला जाते. कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचा विवाह होतो.

या शेवटाच्या मर्यादा मला दिसतात आणि त्या सांगितल्या पाहिजेत. मुलीला वाचवतो तो पुरुषच, संमती मिळते ती धर्मपीठाचीच. हे घरही एका ब्राह्मण कुटुंबाचं. बालविवाह तेव्हाही सर्व जातींत होता, आणि शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या, गावकुसाबाहेरच्या मुलीची शारदा देवलांनी लिहिली नाही. फुल्यांच्या ‘तृतीय रत्ना’नं जी माणसं रंगभूमीवर आणू पाहिली, ती संगीत नाटकाच्या मांडवात आलीच नाहीत. पुढे सत्यशोधकांच्या जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी ती उणीव भरून काढली. तरीही, आपल्याच घराच्या आत शिरून, आपल्याच लोकांचा लोभ नावानिशी दाखवायला धैर्य लागतं. ते देवलांपाशी होतं.

आता चौथा मुद्दा. आपला जिल्हा.

जालना जिल्ह्यातली लग्नमंडपाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट कुठली? घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावची. सूर्याजीपंत ठोसरांचा मुलगा नारायण. १६०८ चा जन्म. परंपरा सांगते की बारा वर्षांचा असताना त्याचं लग्न ठरलं, मंगलाष्टकं चालू असताना तो मांडवातून पळाला, आणि पुढे समर्थ रामदास झाला. ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. पण आपण ती सांगतो तेव्हा त्याच्या मागोमाग त्याच्या तपाच्या जागी, टाकळीला जातो, तिथून चाफळला जातो. मांडवातल्या दुसऱ्या पाटापाशी आपण थांबत नाही. अंतरपाटाच्या त्या बाजूलाही एक मूल उभं होतं. बारा वर्षांचा मुलगा पळू शकला. मुलगी पळाली असती तर तिला कुठली टाकळी मिळाली असती?

रामदासांच्या थोरवीला यानं बाध येत नाही. पण देवलांनी आपल्याला अंतरपाटाच्या त्या बाजूला पाहायला शिकवलं, आणि एकदा ते शिकलं की आपल्याच गोष्टी आपल्याला नव्यानं दिसू लागतात.

अंतरपाटाच्या त्या बाजूच्या मुलीसाठी कायद्यानं काय केलं, तेही पाहू. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. आपल्याकडे त्याला शारदा कायदा म्हणतात, आणि पुष्कळांना वाटतं की तो देवलांच्या नाटकावरून. तसं नाही. तो मांडणारे अजमेरचे हरविलास सारडा, त्यांच्या आडनावावरून ते नाव पडलं. पण जालनेकरांनी ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. पुण्याच्या मुलीला जो आधार मिळाला तो परतूरच्या, अंबडच्या, भोकरदनच्या मुलीला त्या दिवशी मिळाला नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण भारतात आलो. मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालं ते १९७८ मध्ये. २००६ मध्ये नवा आणि कडक कायदा झाला.

आणि आजची स्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं. पाचात एकीहून जास्त. जालना जिल्ह्याचं प्रमाण या सरासरीच्या बरंच वर आहे. शेजारच्या परभणीचं आणि बीडचंही तसंच आहे. देवलांना आपण जुनं म्हणतो. मला सांगा, शारदा जुनी झाली का?

कारणं तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबाप सहा महिने कारखान्याच्या फडावर. वयात आलेली मुलगी मागे कुणाजवळ ठेवायची, आणि सोबत न्यायची तर उघड्या कोपीत तिला कसं सांभाळायचं? गावात शाळा सातवीपर्यंत किंवा दहावीपर्यंत, पुढची शाळा तालुक्याला, एसटीची वेळ बेभरवशाची. दुष्काळात एका मांडवात दोन मुलींची लग्नं उरकली तर खर्च वाचतो. पोरीचं काही बरंवाईट झालं तर काय, ही भीती तर घराघरांत. यातला कुणीही बाप कांचनभट नाही. त्याला पोरीचे पैसे करायचे नाहीत, उलट तो हुंड्यासाठी कर्ज काढतो. पण मुलीपुरतं पाहिलं तर काय बदललं? तिला तेव्हाही कुणी विचारलं नाही, आजही विचारत नाही.

आता काही ठिकाणी लग्नं थांबवली जातात. कुणीतरी १०९८ वर फोन करतं, गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी येतो, पोलीस येतात, जन्माचा दाखला पाहतात, मांडव थांबतो. जे हे करतात त्यांचं मी मनापासून अभिनंदन करतो. गावात राहून गावाचा रोष पत्करणं सोपं नाही. पण इथंच मला ‘शारदा’ आठवते. दाखल्यावरची तारीख सापडली आणि लग्न थांबलं. देवलांच्या मांडवात गोत्र सापडलं आणि लग्न थांबलं. दोन्हीकडे मुलीला काय हवं हे विचारायची पाळी आलीच नाही. आणि त्यानंतर? देवलांनी जो प्रश्न १८९९ मध्ये विचारला, तो आपल्यापुढे जसाच्या तसा उभा आहे. लग्न थांबलं की मुलगी सुटते का? दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुठे जाते? शाळेत जाते, की महिनाभरानं दुसऱ्या जिल्ह्यात मामाच्या गावी नेऊन गुपचूप तिचं लग्न लावलं जातं?

मांडव थांबवणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं काम म्हणजे त्या मुलीला राहायला जागा, शिकायला शाळा, शाळेला जायला गाडी, आणि घरात तिच्या ‘नको’ला किंमत. कोदंडाची वाट पाहण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, हे बघणं आपलं काम.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, आणि त्या करण्यासाठीच मी देवल हा विषय निवडला.

पहिली मागणी इथल्या नाट्यवेड्यांकडे आणि शिक्षकांकडे. ‘शारदा’ पुन्हा करा. नामवंत गायकांची वाट पाहू नका. जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत करा, दोन तासांत बसेल असं करा, पदं मुलांच्या गळ्याला झेपतील अशी बसवा. देवल मास्तरांची भाषा तेवढी सोपी आहेच. आणि शारदेची भूमिका नववीतल्या मुलीला द्या. जे ‘शारदा’ पहिल्यांदा रंगलं तेव्हा शक्य नव्हतं, ते आज शक्य आहे. मुलीचं म्हणणं मुलीच्याच तोंडून येऊ द्या. प्रेक्षकांत तिचे आईबाप बसलेले असू द्या. प्रयोगानंतर लग्न कशामुळे मोडलं हा एकच प्रश्न वर्गात विचारा आणि मुलांना बोलू द्या.

दुसरी मागणी ग्रामपंचायतींकडे, शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आणि या सभागृहातल्या प्रत्येकाकडे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीला लागतात. गाड्या निघायच्या आधी प्रत्येक गावानं बसून आठवी ते बारावीतल्या मुलींची यादी करावी, आणि आईबाप फडावर असताना प्रत्येकीनं कुठे राहायचं, कुणाकडे जेवायचं, शाळेत कसं जायचं, हे नावानिशी ठरवावं. आजी असेल तर आजीकडे, वसतिगृह मिळालं तर वसतिगृहात, नाहीतर गावातल्या एखाद्या घरात. ते ठरवताना त्या मुलीला समोर बसवावं आणि आधी तिला बोलू द्यावं. याला सरकारी आदेशाची गरज नाही, एका संध्याकाळची गरज आहे. यंदाचा हंगाम तोंडावर आला की ही बैठक तुमच्या गावात झाली का, हे एकमेकांना विचारा.